पडवी, हजेरीपट आणि शेरा

१८९० च्या दशकाच्या आरंभी दापोलीतल्या काही लष्करी पेन्शनरांनी सरकारदरबारी अर्ज केले. मागणी एवढीच होती की नगरपालिकेच्या शाळेत आमच्या मुलांना घ्यावे. अर्जदार महार आणि चांभार समाजातले होते. पलटणीत उमेदीची वर्षे घालवून, पेन्शन घेऊन दापोलीच्या कॅम्पात घरे बांधून राहिलेली ही माणसे नगरपालिकेचे कर इतरांसारखेच भरत होती. गावातल्या वरिष्ठ जातींनी विरोध केला, नगरपालिकेने टाळाटाळ केली, कागद वर गेले, खाली आले, आणि शेवटी निघालेला तोडगा त्या काळातल्या इंग्रजी अंमलाच्या स्वभावाला धरूनच होता: मुलांनी शाळेत यावे, पण बसावे पडवीत. सरकारला आपले तत्त्व पाळल्याचे समाधान मिळाले आणि गावाला आपला सोवळेपणा टिकल्याचे. मुलांना काय मिळाले, हे दप्तरात कुठे लिहिलेले नाही. वर्गातल्या शेऱ्यांचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, ही चर्चा आज मानसशास्त्राच्या पुस्तकांतून सुरू होते आणि ‘शिक्षकांनी गोड बोलावे’ या उपदेशाशी येऊन थांबते. दापोली ज्यात येते त्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांचा इतिहास पाहिला तर ही चर्चा चुकीच्या टोकाकडून सुरू होते, असे म्हणावे लागते. मुलावर बसणारा शिक्का शिक्षकाच्या तोंडून निघण्याआधीच शाळेच्या मांडणीत तयार असतो. बसायची जागा, पटावरची नोंद, निकालाचा कागद ही त्याची साधने. बोललेला शब्द या साधनांच्या आधाराने उभा राहतो, आणि आधार काढून घेतला की तो पुष्कळदा नुसता वाऱ्यावर जातो.

पडवी म्हणजे काय हे कोकणात वेगळे सांगायला नको. घराला लागून, पण घराच्या बाहेर. छप्पर तेच, पण जमीन वेगळी, बहुधा एक पायरी खाली. शाळेच्या पडवीत बसलेल्या मुलाला आतला धडा ऐकू येई, फळा मात्र दिसे न दिसे. पाटीवर काढलेले गणित बरोबर आहे की चूक, हे मास्तरांनी हात लावून तपासायचे नसे. पाटी लांबून दाखवायची किंवा खाली ठेवून मागे सरायचे. अंकगणितात ज्याला ‘रीत’ म्हणतात ती मुलाला चुकत कुठे आहे हे पाहिल्याशिवाय शिकवता येत नाही, आणि पाहायला जवळ यावे लागते. म्हणजे पडवीतला मुलगा मागे पडणार हे बसायच्या जागेनेच ठरवलेले होते. पावसाळ्यात, आडव्या सरी पडवीत शिरू लागल्या की तेवढेही शिक्षण बंद. मग वार्षिक परीक्षेला ‘दिपोटी’ येई, म्हणजे शाळाखात्याचा डेप्युटी इन्स्पेक्टर. तो प्रश्न विचारी, मुलगा अडखळे, आणि पटावर जो शेरा पडे तो मुलाच्या बुद्धीविषयी असे, पडवीविषयी नसे. शिक्का मारायची इतकी चोख व्यवस्था दुसरी सापडणे कठीण. आधी जागेने अज्ञान निर्माण करायचे, मग परीक्षेने ते मोजायचे, आणि मोजमाप हाच स्वभाव म्हणून मुलाच्या नावावर मांडायचा. यात एकाही मास्तराने एकही वाईट शब्द बोलण्याची गरज नव्हती.

सरकारचे धोरण कागदावर उदार होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. नाहीतर दोष केवळ गावाच्या कर्मठपणावर जाऊन पडतो. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारपुढे आला होता. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले आणि तरीही, एका मुलासाठी सगळी शाळा ओस पडेल म्हणून प्रवेश नाकारला. १८८२ साली शिक्षणाच्या पाहणीसाठी हंटर आयोग आला. जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे निवेदन दिले, त्यात शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारचे किती दुर्लक्ष आहे ते परखडपणे मांडले. आयोगाने काय केले? केवळ जातीच्या कारणावरून सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत कुणाला प्रवेश नाकारू नये हे जुने तत्त्व पुन्हा उच्चारले आणि लगेच, ते जपून, बेताने अमलात आणावे असेही सुचवले. या ‘जपून’ शब्दातून पडवी जन्माला आली. तत्त्व आत, मूल बाहेर. शाळेच्या दृष्टीने मूल दाखल झालेले असल्यामुळे हजेरीपटावर त्याचे नाव असे, आणि आकडेवारीत ते ‘शिकत असलेले’ म्हणून मोजले जाई. त्याआधी साठेक वर्षे, १८२३ पासून, स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाणकोट आणि हर्णै या बाजूला शाळा काढल्या होत्या. म्हणजे शिक्षण काय असते हे या किनाऱ्याला अगदी अपरिचित नव्हते. शिक्षणात समान जागा काय असते, हे मात्र होते.

आता एक आक्षेप. पडवी इतकी घातक होती तर दापोलीच्या पेन्शनरांमध्ये अर्ज करण्याची हिंमत आली कुठून? ज्यांचा आत्मसन्मान पिढ्यान्‌पिढ्या चिरडला गेला ती माणसे सरकारशी पत्रव्यवहार कसा करतात? उत्तर पलटणीत आहे. कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवण्याची सोय होती. पलटणीच्या शाळेत महार शिपाई गावचा महार नसे. तो नाईक असे, हवालदार असे, जमादार असे. रामजी सकपाळ सुभेदार पदापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले गोपाळबाबा वलंगकर मूळचे महाडजवळच्या रावढळचे; १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले आणि वर्तमानपत्रांतून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच प्रश्न घातले. या माणसांना एका संस्थेने आधीच दुसरी ओळख दिली होती, हुद्द्याची आणि अक्षराची, आणि ती कागदावर होती. नगरपालिकेच्या शाळेने मुलांना पडवीत बसवले तेव्हा बापाने तो अपमान म्हणून ओळखला, नियती म्हणून सोसला नाही. म्हणून दापोलीचे उदाहरण शिक्क्याचा परिणाम होत नाही याचा पुरावा ठरत नाही. शिक्क्याला उत्तर द्यायला तितकाच पक्का, संस्थेने दिलेला दुसरा शिक्का लागतो, याचा तो पुरावा आहे. ज्यांच्या घरी पेन्शनबुक नव्हते अशा महारवाड्यांतून आणि चांभारवाड्यांतून त्या काळात किती अर्ज आले, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

याच आक्षेपाचे लोकप्रिय रूप म्हणजे ‘आंबेडकर बघा’. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे हे आंबेडकरांचे घराणे; रामजी सकपाळांचा मुलगा भिवा, म्हणजे पुढचे बाबासाहेब, दापोलीच्या वास्तव्यात लहान होता, आणि १८९६ च्या सुमारास कुटुंब साताऱ्याला गेले. साताऱ्याच्या शाळेत त्याने घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसायचे, तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, शिपाई नसला तर पाणी नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या हायस्कुलाच्या रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद झाली; तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी सांगितला आहे. मास्तरांनी या मुलाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. तो उठला आणि वर्गात गलका झाला, कारण बाकीच्या मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले आणि मग याला खडू हाती धरता आला. इथे बारकाईने पाहण्यासारखे असे की मास्तरांचा हेतू चांगला होता. त्यांनी मुलाला हुशार समजूनच पुढे बोलावले असणार. तरीही त्या अर्ध्या मिनिटात वर्गाने त्याला काय सांगायचे ते सांगून टाकले, आणि मास्तरांच्या बोलावण्याने ते पुसले गेले नाही. संस्कृत शिकायची इच्छा असून फारसी घ्यावी लागली, हाही त्याच व्यवस्थेचा दुसरा कागद.

‘आंबेडकर बघा’ म्हणणाऱ्यांना आणखी एक आकडा ठाऊक असायला हवा. १९०७ च्या मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे शेकडा अडतीसच्याही आतच. आजच्या एखाद्या नामांकित कॉलेजच्या प्रवेश-खिडकीवर हा कागद ठेवला तर काय शेरा मिळेल ते सांगायला नको. पण त्या निकालानंतर सत्काराची सभा झाली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र या मुलाला भेट दिले. केळुसकर हे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच, आणि पेशाने शिक्षक. चर्नीरोडच्या बागेत रोज वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला होता, त्याला पुस्तके पुरवली होती, आणि पुढे बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. केळुसकरांनी काही कौतुकाचे शब्द उच्चारले असतीलच, पण त्यांचे खरे काम सभा, पुस्तक आणि शिष्यवृत्ती हे होते. तीन दिसणाऱ्या, दाखवता येणाऱ्या गोष्टी. २८२ गुणांचा मुलगा ‘नुसता पास’ न ठरता ‘समाजातला पहिला’ ठरला, तो या तीन गोष्टींमुळे. एकाच निकालाचे दोन अर्थ होतात आणि कोणता अर्थ मुलाच्या वाट्याला यावा हे बुद्धीवर फार थोडे, आसपासच्या माणसांच्या सोयीवर फार जास्त अवलंबून असते.

सगळा प्रश्न जातीचाच होता, असेही समजू नये. धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. चित्पावन ब्राह्मण, दापोलीजवळच्या मुरूडचे. सोमण गुरुजींसारखा तळमळीचा शिक्षक लाभलेला. त्या काळी मराठी सहावी, म्हणजे पब्लिक सर्व्हिसची परीक्षा, ही नोकरीची किल्ली होती आणि तिला बसायला वयाची १७ वर्षे पुरी लागत. हा मुलगा आणि त्याचे सोबती मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, भर पावसात, घाट चढून, शंभर मैलांवर वाट तुडवत. परीक्षा समितीच्या प्रमुखाने याच्याकडे पाहिले आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून परत पाठवले. वयाचा दाखला जवळ होता. पण बारीक अंगकाठी पाहून समितीने जे ठरवले ते दाखल्यापेक्षा खरे ठरले. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचे. तोवर चार दशके उलटून गेली होती, तरी अण्णासाहेबांनी ही हकिकत तपशिलाने लिहिली. पुढे ते कोल्हापूरच्या केंद्रावर ती परीक्षा उतरले, १८८१ साली मॅट्रिक झाले तेव्हा वय २३ होते, आणि १८९१ साली फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. आपल्या बुजरेपणाविषयी ते आयुष्यभर लिहीत-बोलत राहिले. तो बुजरेपणा साताऱ्याहून आला असे म्हणणे धाडसाचे होईल. तो आधीपासूनचाच होता. पण दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की एक फरक डोळ्यांत भरतो. कर्व्यांना नाकारणारा शेरा एका दिवसाचा, एका केंद्राचा होता. केंद्र बदलले की तो संपला. दापोलीच्या पडवीतल्या मुलाला बदलायला केंद्र नव्हते. शिक्का किती लागतो हे तो किती कठोर आहे यापेक्षा त्यातून बाहेर पडायला दार आहे की नाही, यावर ठरते.

शिक्षकांच्या अपेक्षांविषयीचा जगभर गाजलेला प्रयोग अमेरिकेतला आहे. साऊथ सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या एका प्राथमिक शाळेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि ही मुले यंदा झपाट्याने पुढे येतील असे सांगितले. नावे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखीच होती. वर्षअखेर पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढलेले आढळले. पुस्तक १९६८ साली आले आणि त्यावर टीकाही तेव्हाच सुरू झाली: मोजमाप सदोष, वरच्या वर्गांत परिणाम जवळजवळ नाही. नंतरच्या दशकांतल्या अभ्यासांचा सूर असा की शिक्षकांच्या अपेक्षांचा परिणाम सर्वसाधारणपणे लहान असतो, आणि पुष्कळदा शिक्षकाचा अंदाज खरा ठरतो तो केवळ अंदाज बरोबर असल्यामुळे. ही टीका मानली पाहिजे. ‘मास्तर ढ म्हणाले आणि मुलगा ढ झाला’ इतके ते सरळ नाही. पण त्याच अभ्यासांतून असेही पुढे आले की ज्या गटांवर समाजाचा शिक्का आधीच असतो त्यांच्या मुलांवर हा परिणाम मोठा असतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केलेली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी सारखीच होती. मग मुलांच्या गटासमोर प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे-आजोबाचे नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली, आणि दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या ठळकपणे घसरली. कुणी अपमान केला नव्हता, कुणी ढ म्हटले नव्हते. फक्त हजेरी घेतली होती. दापोलीची पडवी आणि हा प्रयोग यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, यंत्रणा तीच आहे.

पडवी रत्नागिरी जिल्ह्यातून गेली कशी, हाही इतिहास मुद्द्याला धरून आहे. ज्या बोल्यांनी १९०७ च्या सत्काराचे अध्यक्षपद भूषवले त्यांनीच ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव संमत झाला, सप्टेंबरात सरकारचा आदेशही निघाला. जानेवारी १९२४ मध्ये विनायक दामोदर सावरकर स्थानबद्ध म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि १९३७ पर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या एकूण राजकारणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. या जिल्ह्यातल्या शाळांत मुलांना सरमिसळ बसवण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जो पाठपुरावा केला, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभे राहिलेले पतितपावन मंदिर १९३१ सालचे. शाळांचा लढा त्याआधीपासूनचा आणि माझ्या मते त्याहून अवघड. मंदिराचे उद्‌घाटन एकदा होते. शाळा रोज भरते. आदेशानंतरही कागदावर मुले एकत्र आणि प्रत्यक्षात वेगळी, असा प्रकार चालत राहिला, कारण अंमलबजावणीची तपासणी पुन्हा कागदावरच व्हायची. म्हणून शाळेत जाऊन कोण कुठे बसले आहे हे डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरावा लागला. सरमिसळ बसवण्याचा हा आग्रह म्हणजे केवळ शिष्टाचार, असे कुणाला वाटेल. पण त्या मंडळींना एक गोष्ट पक्की उमगली होती, की मुलाचे मन उपदेशाने उंचावत नाही, जागेने उंचावते. पडवीतल्या मुलाला ‘तू सगळ्यांसारखाच आहेस’ असे सांगणे ही थट्टा होती. आधी त्याला आत बसवणे भाग होते.

आत बसवल्यावर शिक्के संपले नाहीत, हे मात्र खरे. ते आत आले. शेवटचा बाक, ‘क’ तुकडी, ‘यांना वर काढायला वेळ नाही’ हे वाक्य, ही पडवीचीच आतली रूपे आहेत. आणि रत्नागिरीत एक शिक्का खास इथल्या मातीचा आहे: बोलीचा. संगमेश्वरी बोलणारे कुणब्याचे मूल पहिलीत येते, ‘ण’च्या जागी ‘न’ म्हणते, आणि शाळा त्याला पहिली गोष्ट सांगते ती अशी की तुझी भाषा अशुद्ध आहे. किनाऱ्यावरच्या गाबितांच्या, खाडीकाठच्या दालदी मुसलमानांच्या मुलांचेही तेच. मूल भाषेत कच्चे आहे असा शेरा पडतो, तो वस्तुतः घराविषयी असतो. त्याच्या आईचे बोलणे, नमन-खेळ्यांतली सोंगे, जाखडीची गाणी, हे सारे त्याच बोलीत आहे, आणि वर्गाने ते सगळे एका शब्दात मोडीत काढलेले असते. परिणामी मूल गप्प होते. गप्प मुलाला ‘मठ्ठ’ म्हणायला फार वेळ लागत नाही. प्रमाण मराठी शिकवू नये असे कुणी म्हणत नाही. ती आलीच पाहिजे, त्यावाचून पुढचे दार उघडत नाही. पण दुसरी भाषा शिकवणे आणि पहिली चूक ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि शाळा पहिल्याच्या नावाखाली दुसरे करत आली.

इथे शिक्षकांच्या बाजूचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. वर्गात साठ मुले, त्यातल्या काहींना वाचता येत नाही. कुणाला काय येत नाही हे ठरवल्याशिवाय शिकवायचे कसे? निदान न करता औषध द्यायचे का? आणि मुलाला खोटेच ‘छान, छान’ म्हणत राहिले तर दहावीच्या परीक्षेत त्याची फसवणूक होते, तिचे काय? हा आक्षेप बिनतोड आहे, जोवर आपण निदान आणि शिक्का यांत भेद करत नाही. ‘याला हातच्याची वजाबाकी येत नाही’ हे निदान. ते पुढच्या आठवड्यात खोटे ठरू शकते आणि ते खोटे ठरवणे हेच शिक्षकाचे काम. ‘हा गणितात कच्चा’ हा शिक्का. त्याला तारीख नसते. साताऱ्याच्या समितीने कर्व्यांना ‘यंदा वय कमी दिसते’ म्हटले ते चुकीचे असले तरी तारखेचे होते. पडवीला तारीख नव्हती. दुसरा भेद असा की निदान करणाऱ्याच्या हातात ते असते, शिक्का सगळ्या वर्गाच्या हातात असतो. नुसत्या नोंदी ठेवणाऱ्या शिक्षकाविरुद्ध इतिहासात तक्रार नाही. तक्रार आहे ती नोंद मोठ्याने वाचणाऱ्याविरुद्ध. आणि इथे शिक्षकाची कोंडीही समजून घ्यायला हवी. १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना अनुदान परीक्षेच्या निकालावर मिळू लागले. उतरलेल्या डोक्यांमागे पैसे. ज्या मुलाने शाळेचे अनुदान घटवले त्याच्याकडे मास्तरांनी प्रेमाने पाहावे ही अपेक्षा फार झाली. शिक्षकाच्या तोंडचा कडवट शब्द पुष्कळदा वरून आलेल्या हिशेबाचा पडसाद असतो.

तो हिशेब आजही आहे. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली, आणि आठवीपर्यंत नापास करणेही थांबवले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीपुरता तो निर्णय राज्यांवर सोडला गेला. राज्य मंडळाने दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘अनुत्तीर्ण’ शब्द काढून त्याजागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असा मजकूर आणला. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण गावातल्या कुठल्या मुलाला त्याचा अर्थ कळला नाही, हे सांगावे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्यातली कल्पना चांगली होती, प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे, आणि कुठे अडते ते पायाभूत चाचणीने शोधावे. शाळाशाळांतून मात्र त्याचा उरलेला अवशेष म्हणजे ‘अप्रगत’ हा शब्द. अप्रगत मुलांची यादी, अप्रगत मुलांचा तास, केंद्रप्रमुख आल्यावर विचारायचा अप्रगत मुलांचा आकडा. कायद्याने शिक्षकाच्या जिभेला लगाम घातला आणि प्रशासनाने त्याच्या हातात तक्ता दिला. ‘ढ’ म्हटले तर मानसिक छळ, ‘अप्रगत’ लिहिले तर माहिती.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांचे मिळून २०१२ पासून वेगळे कोकण विभागीय मंडळ आहे आणि दहावी-बारावीच्या निकालांत ते राज्यात पहिले येते. एकेकाळी पडवी असलेल्या मुलखाला आता ‘हुशार विभाग’ हा शिक्का मिळाला आहे, आणि तोही शिक्काच आहे. जो विभाग नव्वद टक्क्यांच्या वर निकाल लावतो तिथे नापास झालेला मुलगा मुंबई विभागातल्या नापास मुलापेक्षा जास्त एकटा असतो. गावात त्याच्यासारखे दुसरे कुणी सापडत नाही. शाळांनाही आपला आकडा राखायचा असतो, आणि तो राखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे निकाल खाली ओढतील अशी मुले नववीतच ओळखून त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचा सल्ला देणे. असा सल्ला मिळालेले मूल शाळेच्या निकालात कुठेच दिसत नाही. दापोलीच्या पडवीतली मुले निदान पटावर तरी होती.